बिनआवाजाचं विमान

चेन्नई
९ सप्टेंबर २०२४

जगदेवकाका, सलाम.

तुमचं पत्र भेटलं. गेटवाला मले शोधत अंदर आला. इथं कामगाराले पत्र येत नाही, आलं तर बँकेचं नाहीतर कोर्टाचं येते, म्हणून त्याले वाटलं माहं काही लफडं हाय. म्या सांगतलं, गावाकडच्या उस्तादचं हाय, मी नववी नापास झालो तवा त्याइनं मले विमान उडवणं शिकवलं. तो म्हणे, मंग पास झालेल्याले काय शिकवतात तुमच्याकडं?

आपल्या विमानाचं इंजिन काढून तिथं बिजलीची मोटर बसते का, असं तुमी विचारलं. बसते, आरामात बसते. मी इथं दिवसभर दुसरं काय करतो, फवारणीचे ड्रोन खोलतो, जळालेल्या मोटरी काढतो, नव्या लावतो. आपल्याले लागते ते बारीक सामान इथं खोक्यात पडून असते. मालकाले मागितलं. त्यानं पह्यले विचारलं का विमान कसं हाय. त्याले रिमोटचंच माहीत. म्या हातवारे करून सांगतलं का आपल्याजवळ रिमोट नाही, डाव्या पंखातून दोन लांब तारा निघतात, त्या आपल्या हातातल्या मुठीले येतात. मूठ अशी तिरपी केली का विमान वर, तशी केली का खाली. विमान आपल्याभवती गोल उडते आन मधात आपण फिरतो. माह्या बाजूच्या टेबलावरचा इलांगो म्हणे, कुत्र्याले पट्ट्यानं फिरवतात तसं? म्या म्हटलं तसंच, फक्त कुत्रं उडून राह्यलं असते. मालक हसला आन म्हणे घेऊन जा.

पण काका, बदलून काहून राह्यले? ते इंजिन म्हणजे तुमचा जीव. एरंडीच्या तेलाचा तो वास अंगाले घेऊन तुमी जेवाले बसत, आन गोजराकाकू तुमचं ताट उचलून ओसरीत नेऊन ठेवत. मोटर तर नुसती गुणगुणते. तुमाले करमणार नाही.

फोन लावला होता. तुमी उचलला, हॅलो हॅलो केलं आन ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. तिकडं सगळं बराबर हाय ना?

तुमचा
अजहर


धनज
२१ सप्टेंबर

अजहर,

फोन करत जाऊ नको. इकडं टावरचं काही खरं नाही. पत्र लिही. तुहं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं हाय, तेवढंच सुधरंन.

कारण विचारलं. तेल भेटत नाही. नागपूरचा दुकानदार वारला, पोरानं तिथं मोबाइलचे कव्हर लटकवले. एवढंच कारण, जास्त डोकं लावू नको.

बाकी हकीकत अशी. मागच्या २६ जानेवारीले शाळेच्या मैदानावर विमान पडलं हे तुले समजलंच असंन. उलटं करून डोक्यावरून नेत होतो, तेवढ्यात इंजिन गपकन बंद. नाकावर आलं. डावा पंख तीन जागी मोडला. लोकाइनं तुकडे येचून मले आणून दिले, तेच जास्त लागलं. एनसीसीत पोराइले विमानं शिकवत होतो, ती नोकरी संपवून गावात आलो तवापासून धनजले झेंड्यानंतर माहं विमान असते. आताचे मास्तर चड्डीत होते, तवा ते टाळ्या वाजवत. आता मुख्याध्यापक झालेला रविकांत म्हणते, "काका, यंदा आराम करा. शेलूबाजारचा एक ड्रोनवाला हाय, तो वरून फुलं टाकते." म्या म्हटलं, फुलंच टाकाची तर एखादा मास्तर चढवा गच्चीवर.

शेवटी असं ठरलं का संक्रांतीच्या आधी म्या त्याले विमान नीट उडवून आन नीट उतरवून दाखवाचं. उतरवून, हे त्यानं दोन खेपा म्हटलं. दाखवलं तर कार्यक्रमात माहं नाव. नाही तर फुलं. आन एकदा का नाव यादीतून निघालं तर ते पुन्हा कोणी लिहित नाही.

पंख तुह्या बापाजवळ टाकला. जीपनं कामरगावले गेलो होतो. मोहरम होऊन गेला, आता ताजिये-ताबूत बनवाचं काम नाही, जमशेद सुपारी कातरत बसला होता. बांबूच्या कमच्या आन पन्नीकागद यात त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही. तुटका पंख उलटासुलटा करून म्हणे, "जगदेवभाई, हमारा माल तो बनता है और पानी में जाता है. ये हवा में जाएगा?" म्या म्हटलं जाईन. तुह्याबद्दल तो काही बोलला नाही. म्याही काढलं नाही.

मोटर लवकर पाठव.

जगदेव


चेन्नई
६ ऑक्टोबर

काका,

मोटर, कंट्रोलर आन टायमर पोस्टानं टाकले. बॅटरी पोस्टात घेत नाहीत, म्हणून दोन बॅटऱ्या, चार्जरसंग, मोहनसिंगजवळ दिल्या. ट्रक चालवते, शेलूबाजारकडच्या तांड्यावरचा हाय, इथं तूरडाळ उतरवून परत निघाला. त्यानं त्या बायकोसाठी घेतलेल्या साडीत गुंडाळून सीटच्या मागं ठेवल्या. बॅटऱ्या घ्या, साडी परत करा.

आता काम. इंजिन आन तेलाची टाकी दोन्ही काढा. मोटर हलकी हाय, म्हणून बॅटरी नाकाकडं सरकवून बांधा. मंग पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचला. नाक जरासं खाली झुकलं पाह्यजे. शेपूट झुकली तर हवेत ते विमान नाही राहत, दावं तोडलेलं गोऱ्हं होते. मोटरले तीन वायरी हायेत. प्रोपेलर उलटा फिरून हवा पुढं फेकत असंन तर घाबरू नका, तीनपैकी कोणत्याही दोन वायरी आपसात बदला, सुलटा फिरंन. आन बॅटरी जोडली का प्रोपेलरसमोर हात नाही. इंजिनले गरागरा फिरवा, शिव्या द्या, तवा चालू व्हायचं. हे गपचूप बसलेलं असते आन एकदम उठते. माह्या अंगठ्यावर त्याची निशाणी हाय.

टायमर पाच मिनिटानं मोटर आपोआप बंद करते. बंद व्हायच्या जराक आधी मोटरचा आवाज बारीक होते. तो ऐकला का विमान खाली आणा, सरळ करा. मंग मोटर थांबली तरी ते घसरत येऊन चाकावर टेकते. वर असताना थांबली तर काय होते ते तुमाले सांगाची गरज नाही.

अब्बा माह्याबद्दल बोलणार नाहीत. सुरत सोडलं तवा बोलले, पुणं सोडलं तवा बोलले, बंगलोर सोडल्यापासून बंद. खरं सांगू का, इथंही आता बसवत नाही. सकाळी तेच टेबल, तोच जळक्या तांब्याचा वास. इलांगो म्हणते तुह्या खुर्चीत स्प्रिंग हाय. पाहू.

अजहर


धनज
३ नोव्हेंबर

अजहर,

दिवाळी झाली. गोजराबाईनं तुह्यासाठी चिवडा बाजूले काढून ठेवला होता. तो म्या खाल्ला.

विमान पडलं. मोटरीची गलती नाही. तुह्या बापाची हाय.

पंख असा केला होता का पाह्यत राहावं. लाल पन्नी, ढोलकीसारखी ताणलेली, काठाले सोनेरी पट्टी. म्या म्हटलं, पट्टी कायले? म्हणे, "खाली कैसे देना?" तू सांगतलं तसं सगळं बसवलं, नाक झुकवलं. प्रोपेलर उलटा फिरला, दोन वायरी बदलल्या, सुलटा झाला. जमशेदले विमान पकडाले लावलं, त्यानं सोडलं. अर्धा फेरा चांगला गेला. मंग हातातल्या तारा ढिल्या पडल्या. मूठ हलवतो, पण मुठीत काहीच नाही, जशी मेलेल्या मासोळीची दोरी. विमान बाहेर ओढाचं सोडून माह्याच अंगावर आलं, डोक्यावरून गेलं आन भागवतच्या तुरीत घुसलं. माह्याच पोराची तूर, म्हणून भांडण झालं नाही.

धुऱ्यावर बसून पंख मोजला. दोन्ही बाजू सारख्या. सुतानं सारख्या. म्या जमशेदले विचारलं, डावी बाजू लांब होती ना? तो खुशीत येऊन म्हणे, "थी. और दाहिने पंख की नोक में किसी ने सीसा ठूंस रखा था. आपको ठगा था किसी ने, जगदेवभाई. मैंने दोनों बराबर कर दिए, सीसा फेंक दिया." त्याले वाटलं मी शाबासकी देईन.

म्या सांगतलं का ते ठगाचं काम नव्हतं, तारेवरचं विमान असंच असते, एक बाजू लांब, दुसरीत वजन. तर तो लाल झाला. "सारी उमर मीनार से मीनार मिलाता आया. जौ बराबर फरक नहीं आने दिया. अब लंगडा बनाऊं?" टोपी झटकली, जीप पकडून चालला गेला. मले हे विमानाच्या भाषेत सांगता येते, ताजियाच्या नाही. तू त्याचा पोरगा हायेस. लिहून पाठव, मी नेऊन वाचून दाखवतो.

जगदेव


चेन्नई
१२ नोव्हेंबर

काका,

पत्र वाचून एवढा हसलो का इलांगोनं पाणी आणून दिलं.

अब्बाले हे वाचून दाखवा.

अब्बा, तुमी ताजिया उचलाले माणसं उभे करता, तवा एका बाजूले बुटके असले तर काय करता? त्या बाजूच्या दांड्याखाली गादी बांधता. गादी फक्त त्याच बाजूले. उचलाच्या आधी कोणी पाह्यलं तर म्हणंन, हे काय टेढं काम हाय. पण खांद्यावर गेल्यावर ताजिया सरळ चालते. तुमी जमिनीवरचं सरळ कधी पाह्यलंच नाही, चालतानाचं सरळ पाह्यलं. विमानाचंही तसंच हाय. दोन तारा डाव्या अंगाले लोंबतात, त्या अंगाले ओझं, म्हणून उजव्या टोकाले सिसं. आन गोल फिरताना आतला पंख हळू चालते, बाहेरचा जोरात, हळू चालणाऱ्याले हवा कमी भेटते, म्हणून तो लांब. मोहरमच्या मिरवणुकीत वळणावर आतले माणसं जागीच पाय हलवतात आन बाहेरचे पळतात, ते आठवा. जमिनीवर लंगडं, हवेत बराबर.

काका, एवढंच वाचा. बाकी सलाम-बिलाम तुमच्या मनानं लावा.

अजहर


धनज
३० नोव्हेंबर

अजहर,

तुहं पान वाचलं. जमशेदनं ऐकलं, सुपारी खाली ठेवली, म्हणे, "फिर से पढो." दुसऱ्या खेपेले गादीच्या गोष्टीवर थांबवलं. म्हणे, "इसे याद है." मंग उठून बांबू चिरायले बसला.

नवा पंख आठवड्यात आणून दिला. डावी बाजू लांब, उजव्या टोकाले सिसं, आन तेही असं का पन्नीवरून हात फिरवला तरी लागत नाही. म्हणे, लंगडाच बनवाचा तर असा बनवतो का चाल पाहून कोणाले समजू नये.

उडालं, पोरा. काय उडालं. सोडल्याबरोबर तारा अशा ताणल्या का खांद्यापर्यंत ओढ आली. बैलजोडी वखराले जशी पह्यल्या तासाले ओढते तशी. वर नेलं, उलटं केलं, परत सुलटं आणलं. धूर नाही, तेल नाही, चष्मा साफ.

आन मंग तुह्या मोटरनं दगा दिला. वर असताना मेली. कसंबसं वाचवलं, चाकाची तार वाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडवलं, पुन्हा तसंच, या खेपेले प्रोपेलर तुटला. इंजिन मराच्या आधी ढिलं तरी पडत होतं. हे दगाबाज हाय. पुरी ताकद, पुरी ताकद, आन खलास. तू म्हणतं ते सांगून बंद होते. काही सांगत नाही. मधात रविकांत सायकल थांबवून पाह्यत होता, त्यानं प्रोपेलर तुटताना पाह्यलं.

तुह्या त्या टायमरचं काय ते पाह्य. दिवस कमी हाय.

जगदेव


चेन्नई
६ डिसेंबर

काका,

तुमचं पत्र आल्यावर तशीच मोटर, तसाच टायमर टेबलावर लावला आन चालवून पाह्यला. आवाज बदलते. इलांगोनं ऐकला, मालकानं ऐकला, चहा घेऊन आलेल्यानं किटली हातात धरून ऐकला. साफ बदलते.

मी तुमाले उलटं बोललो नाही कधी, पण आता बोलतो. मोटर सांगून राह्यली, तुमीच ऐकून नाही राह्यले. विमान रंगात आलं का तुमचं ध्यान लोकाइकडं जाते. मले शिकवताना तुमी काय म्हणत? डोळे विमानावर, कान इंजिनवर. मी ध्यान दिलं नाही का माह्या टाळूवर मूठ मारत होते. आता तुमाले कोण मारंन?

टायमर ठीक हाय. दुसरा पाठवणार नाही. प्रोपेलर दोन पाठवले.

अजहर


धनज
११ डिसेंबर

अजहरभाऊ,

मी ज्योत्स्ना, भागवत यांची पत्नी. आपण माझ्या लग्नात वाढायला होता, म्हणून मला आठवता. हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र आल्यापासून विमान माळ्यावर आहे. बाबांनी वाचलं, घडी घातली आणि गोठ्यात जाऊन बसले. संध्याकाळी माझ्या हातात मुख्याध्यापकांसाठी चिठ्ठी दिली. त्यात ड्रोनवाल्यालाच बोलवा असं लिहिलं आहे.

भाऊ, बाबांना ऐकू येत नाही. दोन वर्षं होतील. आधी डावा कान गेला, मग उजवाही जवळजवळ गेला. समोर बसून कोणी बोललं तर ओठांवरून कळतं, थोडं अंदाजानं. तुमचे अब्बा मोठ्यानं बोलतात म्हणून त्यांच्याशी जमतं. फोनवर काहीच कळत नाही. धनजला टॉवर चांगला आहे. मागच्या २६ जानेवारीला तेल संपत आलं तेव्हा इंजिनचा आवाज चिरका झाला होता, तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला, त्यांना नाही. म्हणूनच त्यांनी मोटर मागवली, तिचा आवाज ऐकायची गरज पडणार नाही असं त्यांना वाटलं. मशीन लावा म्हटलं तर म्हणतात, म्हातारा झालो हे छातीवर लिहून फिरू का. आम्ही घरात हा विषय काढत नाही. घराबाहेर कोणाला माहीत नाही.

तुमच्यावर राग नाही. तुम्हाला कुठे माहीत होतं. पण "तुम्ही ऐकत नाही" हे वाक्य त्यांनी फार वेळा वाचलं.

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. मी ती दिलेली नाही. किती दिवस ठेवू, ते सांगा.

ज्योत्स्ना


चेन्नई
२४ डिसेंबर

ज्योत्स्नावैनी,

चिठ्ठी फाडून टाका.

तुमचं पत्र वाचल्यावर फोनवरचं ते हॅलो हॅलो आठवलं. मी इकडून बोंबलत होतो, मी अजहर, मी अजहर. आन ते तिकडं कान बदलून पाह्यत असतील.

दोन दिवस मी काही केलं नाही. मंग इलांगोले धरून बसवलं. टायमरमधली जी लिहाई असते, प्रोग्राम म्हणतात तो, ती त्याले येते, मले येत नाही. आता जराजरा येते. कानानं समजत नाही तर हातानं समजलं पाह्यजे. मूठ तर हातातच असते ना. म्हणून असं केलं का मोटर बंद व्हायच्या आधी ती तीनदा ढिली पडंन आन तीनदा जोर करंन. विमान जोरात गेलं का तारा ओढतात, हळू झालं का सैल होतात. म्हणजे मुठीले तीन झटके. आमी थर्माकोलचं एक भिकार विमान जोडलं, इतवारच्या दिवशी मैदानात नेलं. म्या कानात कापूस कोंबला, वरून मालकाचं हेल्मेट घातलं. पह्यल्या खेपेले झटके एवढे बारीक का समजले नाही, विमान पडलं. दुसऱ्या खेपेले एवढे मोठे का तारा ढिल्या झाल्या, विमान पडलं. शेवटी जमलं. हेल्मेटमधून काहीच ऐकू येत नव्हतं आन हाताले सगळं समजत होतं. इलांगो म्हणते मी मैदानात येड्यासारखा ओरडलो. म्या ऐकलं नाही.

टायमर पाठवून राह्यलो. त्यासंगचं पत्र काकाले द्या. त्यात मी काही माहीत असल्यासारखं लिहिलं नाही.

अजहर


चेन्नई
२४ डिसेंबर

काका,

चूक माही हाय. मी बंद खोलीत टेबलावर मोटर ऐकली आन तुमाले शहाणपण शिकवलं. २६ जानेवारीले मैदानावर लाउडस्पीकर असते, गाणे असतात, हजार पोट्टे कलकल करतात. तिथं ही गुणगुण कोणाच्या बापाले ऐकू येईन? हे माह्या डोक्यात यायले पाह्यजे होतं.

म्हणून नवा टायमर केला. आता मोटर आवाजानं नाही, झटक्यानं सांगंन. मुठीले तीन झटके आले का समजा दोन फेरे उरले. आरामात खाली आणा.

माह्या टाळूवर मूठ मारली असं समजा.

तुमचा
अजहर


धनज
२८ जानेवारी २०२५

अजहर,

मधात लिहिलं नाही, कारण रोज मैदानात होतो. आता सगळं एकदम सांगतो, चहा घेऊन बस.

टायमर आला तवा मी रागात होतो. ज्योत्स्नानं माळ्यावरून विमान काढून अंगणात आणून ठेवलं आन स्वतः भाकरी टाकाले चालली गेली. विमान अंगणात ठेवलं तर कोंबड्या चढतात. म्हणून उचललं. उचलल्यावर मंग टायमर बसवला.

पह्यल्या उड्डाणाले मी झटक्याचं विसरूनच गेलो होतो. रंगात आलो होतो. आन एकदम मुठीत, कसं सांगू, आत कोणी माणूस असल्यासारखं झालं. ओढलं, सोडलं. ओढलं, सोडलं. ओढलं. मी दचकून खाली आणलं, सरळ केलं, दोन फेरे झाले, मोटर थांबली आन विमान गवतावरून घसरत गेलं. उभंच राह्यलं. मी धावत जाऊन पाह्यलं, कुठंच काही वाकलं नाही. लेका, पुरे दोन वर्षानं मी विमान माह्या मर्जीनं उतरवलं.

संक्रांतीच्या आधी रविकांतले दाखवलं. एकदा नाही, त्यानं म्हटलं तितक्या खेपा. शेवटी तोच म्हणे, काका, बस करा, मले शाळा उघडाची हाय.

आता २६ तारीख. झेंडा झाला. ड्रोनवालाही बोलावला होता, त्यानं फुलं टाकली, ती अर्धी गच्चीवर पडली. मंग माहं नाव घेतलं. जमशेद ईदचा कुर्ता घालून आला होता, विमान त्यानंच पकडलं. सोडल्यावर पळून बाजूले व्हाचं असते, तो उभाच राह्यला, आपला पंख पाह्यत. विमानाले त्याच्यावरून उचलावं लागलं. मंग वर नेलं. मागच्या वर्षी जिथून पडलं तिथं, बरोबर डोक्यावर, उलटं केलं आन तसंच उलटं पुरा फेरा नेलं. लाल पंख, सोनेरी काठ, मागं स्वच्छ आभाळ. झटके आले. खाली घेतलं. मोटर थांबली असंन. चाकं टेकली, आन विमान चालत जाऊन चुन्याच्या रेषेजवळ थांबलं.

रविकांत माइक घेऊन आला. काहीतरी विचारलं. मी एरव्ही ओठ पाहून काम चालवतो, हे तुले आतापर्यंत ज्योत्स्नानं सांगतलंच हाय. लाउडस्पीकरचं कारण तू चांगलं शोधलं, पण तू असा एका झटक्यात माफी मागणारा पोट्टा नाहीस, तवाच समजलो. तर माइक त्याच्या तोंडासमोर. ओठ दिसत नाही. तो बोलला, थांबला, माइक माह्यापुढं केला. सगळं गाव पाहून राह्यलं. अंदाजानं काही बोललो असतो, आतापर्यंत तेच करत आलो. पण हातात मूठ होती, ओढ अजून खांद्यात होती, आन कोणास ठाऊक काहून, लपवाची गरजच वाटली नाही.

म्या माइकमध्ये म्हटलं, "मास्तर, मले ऐकू येत नाही. दोन वर्षं झाले. हे विमान मी हातानं ऐकून उतरवलं. तुमाले काय विचाराचं ते लिहून द्या."

मले वाटलं लोकं गप्प होतील. तर पह्यल्या रांगेत गोजराबाई हसून राह्यली, तोंडाले पदर लावून. बाजूच्या बायाही हसून राह्यल्या. रविकांतही. म्या ज्योत्स्नाकडं पाह्यलं. तिनं मोबाइलवर लिहून मले दाखवलं, सगळ्या गावाले माहीत हाय म्हणतात, बाबा. दुकानात, देवळात, शाळेत, सगळ्याइले. तिलेही आजच समजलं. म्या गोजराबाईले म्हटलं, माहीत होतं तर कोणी बोललं काहून नाही? ती मुद्दाम माह्यासमोर येऊन उभी राह्यली, एकेक शब्द तोंड उघडून म्हणे, "तुमी. कोणाले. बोलू. देता. का?"

रविकांतनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, पुन्हा उडवता का.

दुसरी बॅटरी चार्ज होती. लावली. त्याआधी जमशेदनं मले बाजूले घेतलं, तोंड कानाजवळ आणून बोंबलला, "ये हाथ को खींचने वाला काम उसने किया?" म्या म्हटलं, त्यानंच, कानात कापूस घालून. मंग त्यानं बराच वेळ पंखावरची धूळ पुसली. तुह्याबद्दल बोलला नाही, पण त्याले आता फोन कर. त्याले ऐकू येते.

दुसऱ्या उड्डाणाले म्या गोल मारला. पुरा उभा गोल, खालून वर, वरून खाली, नोकरी सोडल्यापासून नव्हता मारला. एक मारला, तारा ताणून होत्या, म्हणून दुसरा मारला. मंग तिसरा. फिरताना मधात लोकं दिसत होते, पुरी गोल रांग, चुन्याच्या बाहेर. टाळ्या कोणी वाजवत नव्हतं, मले दिसावं म्हणून सगळ्याइचे हात वर होते आन हलून राह्यले होते.

जगदेव